मोज्यातला रेडिओ

तपासनीस ते वाक्य बोलून गेले तेव्हा त्यांच्या तोंडात घास होता. तोंडात घास असताना दिलेला शब्द बंधनकारक धरता येत नाही, असं त्यांनी नंतर बायकोला पटवून द्यायचा बराच प्रयत्न केला. पण शब्द सासऱ्यांना दिलेला होता आणि तिथे असले मुद्दे चालत नाहीत.

वाक्य साधंच होतं. "त्यात काय, मी ऐकवतो तुम्हाला."

आता हे तपासनीस कोण, तर हिशेबतपासणी खात्यातले एक अत्यंत सरळ आणि त्यामुळे अत्यंत अप्रिय गृहस्थ. ऑफिसात त्यांना तपासनीस म्हणत, इमारतीत तपासनीस म्हणत आणि बायकोचं डोकं फिरलं की तीही तपासनीसच म्हणे. निर्दोष हिशेब जगात नसतो, फक्त तपासणाऱ्याची नजर कमी पडते, अशी त्यांची श्रद्धा होती. 'तपासले, बरोबर आहे' असा एक शिक्का खात्याने त्यांना दिलेला होता. तो टेबलाच्या खणात तळाशी पडून होता, आणि त्याच्या रबराला अजून शाई लागलेली नव्हती.

हा स्वभाव घेऊन ते बोहल्यावर चढले होते. लग्नाच्या दिवशी नवरा मुलगा हॉलमध्ये पाऊल टाकतो तेव्हा लाजतो, घाबरतो, निदान रुमालाने घाम तरी पुसतो. यांनी खुर्च्या मोजल्या. मोजून झाल्यावर सासऱ्यांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "ठरल्यापेक्षा कमी आहेत." सासरे आयुष्यभर जहाजावर वायरलेस ऑपरेटर होते, वादळात जहाज आडवं होत असतानाही बोट न थरथरता संदेश पाठवलेला माणूस. त्यांनी जावयाकडे नखशिखांत पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "बरं."

ते 'बरं' तपासनीसांच्या काळजात जे रुतलं ते कायमचं. पुढे त्यांनी घर घेतलं तेव्हा सासरे म्हणाले, बरं. बढती मिळाली, बरं. गेल्या वर्षी सासरे लेकीकडे राहायला आले. तपासनीसांनी स्वतः पलंग जोडून त्यांची खोली लावली, तेव्हाही पलंग हलवून पाहत ते म्हणाले, "बरं." या माणसाच्या तोंडून 'बरं'च्या पुढचा एखादा शब्द ऐकावा, एवढी एकच इच्छा आता तपासनीसांच्या आयुष्यात उरलेली होती. ती ते कोणाला बोलून दाखवत नसत. बायकोला अर्थातच ठाऊक होती.

तर त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर विषय निघाला डावखुऱ्याचा. डावखुरा हा सासऱ्यांचा जुना जोडीदार. डाव्या हाताने तारेची किल्ली बडवायचा आणि इतकी झरझर बडवायचा की बंदरावरचे ऑपरेटर हात टेकायचे. निवृत्त झाल्यावर या म्हाताऱ्यांनी एक रिवाज पाडला होता. दर रविवारी सकाळी जो तो आपापल्या गावाहून रेडिओवर येणार आणि त्याच जुन्या तारेच्या कट्ट-कडकट्ट भाषेत हजेरी लावणार. सासऱ्यांकडे पाठवायची सोय नव्हती, पण ऐकायचा एक थोरला सेट होता. त्याच्यासमोर कागद-पेन्सिल घेऊन ते एकही रविवार न चुकता बसत. काही महिन्यांपूर्वी तो सेट बंद पडला. "गेला," असं सासऱ्यांनी जाहीर केलं, जोडीदारांनाही तसं पत्राने कळवलं, त्याच्यावर चादर घातली आणि जावयाला हाताशी घेऊन तो कपाटावर ठेवून दिला. तपासनीसांनी दुरुस्तीला नेतो म्हटलं तर "त्याचे भाग आता मिळत नाहीत," म्हणून विषय संपवला.

आणि आता त्यांच्यातल्याच एकाचा फोन आला होता. येत्या रविवारी डावखुरा शेवटचं बोलणार, मग स्टेशन कायमचं बंद करणार.

"तुमचा सेट असता तर ऐकलं असतं ना बाबा," लेक म्हणाली.

"काय?"

"म्हटलं, सेट असता तर."

"नीट बोलत जा गं. हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात." मग ताटाकडे बघत ते म्हणाले, "असता तर. पण नाही."

ते ज्या आवाजात म्हणाले त्याने तपासनीसांना गलबलून आलं. आणि गलबललेल्या माणसाच्या तोंडून जे जातं ते गेलं. "त्यात काय, मी ऐकवतो तुम्हाला. हल्ली रेडिओ कॉम्प्युटरमध्येच असतो."

सासऱ्यांनी मान वर केली. "बरं," ते म्हणाले.

रेडिओ आला तो काडेपेटीएवढा. त्याच्या एका टोकाला कॉम्प्युटरची वायर, दुसऱ्या टोकाला एरियलची. डबीला बटण नाही, काटा नाही, काही नाही. जे काही करायचं ते कॉम्प्युटरमधल्या प्रोग्रॅमने. तपासनीसांनी डबी हातात तोलून पाहिली. सासऱ्यांचा सेट दोन माणसांनी उचलावा लागे, आणि ही बोटाच्या चिमटीत मावत होती. त्यांना उगीचच अपमान झाल्यासारखं वाटलं.

प्रोग्रॅमने पहिलाच प्रश्न विचारला: सॅम्पल रेट किती ठेवू?

म्हणजे असं, की ही डबी हवेतून येणारी लाट सलग घेत नाही. सेकंदाला अमुक इतके नमुने उचलते, आणि त्या नमुन्यांवरून कॉम्प्युटर आवाज पुन्हा उभा करतो. हे वाचून तपासनीसांना फार आनंद झाला. नमुना तपासणी हा तर त्यांचा प्रांत. आणि त्यांचं ठाम मत होतं की नमुने कमी घेणारा तपासनीस हा एकतर आळशी असतो किंवा विकला गेलेला असतो. समोर दरांची उतरंड होती. त्यांनी डोळे झाकून सगळ्यात मोठा आकडा निवडला.

कॉम्प्युटरने एक उसासा टाकला, आतला पंखा घरघरू लागला आणि टेबलावरचा चहाचा कप हलला. मग आवाज आला. कोणीतरी बातम्या देत होतं, पण प्रत्येक वाक्याचे तुकडे पडत होते आणि मधले तुकडे कुठे जात होते ते कळत नव्हतं. पंतप्रधान एका वाक्यात निघाले आणि पुढच्या वाक्यात थेट हवामान आलं.

"नमुने गळतायत," वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले. यांना कोणी बोलावलेलं नव्हतं. यांना कधीच कोणी बोलावत नसे. दातांचा दवाखाना फारसा चालत नसल्यामुळे इमारतीतल्या कुठल्याही घरात कुठलीही नवी वस्तू आली की ते पाठोपाठ हजर होत. "तुमचा कॉम्प्युटर एवढं गिळू शकत नाही. तोंडात मावेल तेवढंच घालावं माणसाच्या. मी सांगतो, सगळ्यात लहान आकडा घ्या."

सगळ्यात लहान आकडा घेतला तर पडद्यावर रेडिओची पट्टी एवढीशी दिसू लागली, दाराच्या फटीतून लग्न बघावं तशी. शिवाय त्या फटीत शेजारपाजारची स्टेशनं एकमेकांच्या अंगावर चढून बसली.

"मधला घ्या," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

"मधला म्हणजे? त्याला काही आधार?"

"चपला घेताना कसा घेता? पायाच्या मापाचा."

तपासनीसांनी या सूचनेवर हरकत नोंदवली, दंतवैद्यांनी तिच्यावर हसून घेतलं, आणि ती स्वयंपाकघरात परत गेल्यावर दोघांनी गुपचूप मधला आकडा निवडला. आवाज स्वच्छ झाला. पण तो तिच्यामुळे झाला असं कोणी म्हटलं नाही.

इथेच थांबले असते तर ही गोष्ट झालीच नसती. पण तपासनीस जात्याच शेवटच्या पानापर्यंत जाणारे. सेटिंगच्या पार तळाशी त्यांना एक प्रश्न सापडला: क्लॉक सोर्स, इंटर्नल की एक्स्टर्नल?

नमुने उचलायचे तर कोणीतरी ताल धरायला हवा. त्यासाठी डबीच्या पोटात एक बारीकसा स्फटिक असतो, तो ठोके देतो. हा झाला इंटर्नल, आतला. ज्याला याहून चोख ताल हवा असेल त्याने बाहेरून एक स्वतंत्र यंत्र आणून जोडायचं, तो एक्स्टर्नल. हे सगळं खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. पण तपासनीसांनी फक्त दोन शब्द वाचले, अंतर्गत आणि बाह्य, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक कडवट हसू आलं. अंतर्गत तपासणी म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. आपल्याच माणसाने आपल्याच माणसाचं तपासायचं आणि दोघांनी मिळून चहा प्यायचा. खरी तपासणी बाहेरची. त्यांनी मोठ्या निश्चयाने 'बाह्य' निवडलं.

रेडिओ मुका झाला.

नुसता मुका नाही, ठार मुका. खरखर नाही, शिट्टी नाही. तपासनीसांनी डबी काढून पुन्हा लावली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, डबीवर फुंकर मारली, शेवटी टिचकी मारली. सासरे आपल्या खोलीच्या दारात उभे राहून पाहत होते. काही न बोलता आत गेले. ते 'बरं' म्हणाले असते तरी चाललं असतं.

"एरियल," दंतवैद्य म्हणाले. "घरात बसून समुद्रापलीकडचं कसं ऐकू येणार? गच्चीवर लांब तार बांधा."

गच्ची म्हणजे सोसायटीची, आणि सोसायटी म्हणजे चेअरमन. चेअरमन हे धिप्पाड, खर्जातल्या आवाजाचे आणि कमालीचे सावकाश बोलणारे. साधं 'या बसा' म्हणायचे तरी ठराव वाचून दाखवल्यासारखं. इमारतीतली माणसं त्यांना टाळण्यासाठी जिने बदलत. एकट्या सासऱ्यांना मात्र ते फार आवडत. "या एका माणसाला बोलायचं वळण आहे," असं सासरे नेहमी म्हणत, आणि तपासनीसांच्या पोटात दुखे. कारण मागच्याच वर्षी तपासनीसांनी सोसायटीच्या हिशेबात पाण्याच्या टाकीच्या रंगावर हरकत घेतली होती. टाकी जेवढी आहे त्यापेक्षा रंग जास्त लागलाय, असं सिद्ध करायला ते टेप घेऊन स्वतः टाकीवर चढले होते.

चेअरमन हे विसरलेले नव्हते.

"तार," ते म्हणाले. थांबले. "कशासाठी?" थांबले. "किती लांब? किती जाड? आणि वीज पडली तर?" थांबले. "ती तुमच्याकडे जाईल की सोसायटीकडे?"

तपासनीसांनी सांगितलं की वीज त्यांच्याकडे जाईल आणि ते तिचा पूर्ण स्वीकार करतील. एवढ्यावर भागलं नाही. कमिटी बसली. तार टाकीला बांधायला सक्त मनाई झाली, कारण टाकीचा रंग निघेल, आणि रंग लावताना पुन्हा हरकत येईल. शेवटी कपडे वाळत घालायच्या दोन खांबांमध्ये तार ओढायची तात्पुरती परवानगी मिळाली. तपासनीसांनी भर उन्हात ती ओढली, टोक खिडकीतून घरात आणलं, घामाघूम होऊन डबीला जोडलं. रेडिओ मुकाच. वर जाऊन बघतात तो तारेवर कोणाच्या तरी ओल्या चादरी आणि चेअरमनांची बनियनं ओळीने टांगलेली. तार दोन खांबांमध्ये होती, कपड्यांच्या तारेशेजारी होती. लोकांनी सोय झाली असं समजून कपडे टाकले होते. एका काकूंनी तर आभारही मानले.

मग कंपनीच्या मदत केंद्राला फोन. तिथल्या बाई अतिशय गोड होत्या आणि कशाचंच वाईट वाटून घेत नव्हत्या, त्यामुळे भांडायला काही मजा नव्हती. तपासनीसांनी एरियलपासून टाकीपर्यंत सगळी हकिगत सांगितली, सदोष माल, ग्राहकाचे हक्क, सगळं झालं. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, क्लॉक बाहेरचं ठेवलंय का?"

"हो. मी नेहमी बाहेरचंच घेतो."

"मग बाहेर काय जोडलंय?"

तपासनीसांनी डबीकडे पाहिलं. मग डबीच्या बाहेर पाहिलं. तिथे पाण्याचं भांडं होतं.

"काही नाही," ते म्हणाले.

"म्हणजे सर, ते बिचारं कधीचं ताल मिळायची वाट बघत बसलंय," बाई म्हणाल्या. "आतलं निवडा ना. आतलं चांगलं असतं."

आतलं चांगलं असतं, हे वाक्य उभ्या कारकिर्दीत त्यांना कोणी एवढ्या प्रेमाने ऐकवलं नव्हतं. त्यांनी आतलं निवडलं आणि रेडिओ खडखडून बोलू लागला. बायको दारात उभी होती. तिने ते पाण्याचं भांडं उचलून नेलं, आणि ज्या रीतीने उचललं ते बोलण्यापेक्षा जास्त होतं.

एवढ्याने सुटका व्हावी तर नाही. आतल्या तालाची खोड अशी, की डबी तापली की तो थोडा सरकतो, आणि ताल सरकला की स्टेशन सरकतं. सासऱ्यांनी हजेरीची जागा पट्टीवर नेमकी सांगितली होती. तिथे काहीच नव्हतं, स्टेशन पट्टीवरच्या शेजारच्या घरात सापडलं. थोड्या वेळाने तिथूनही निघालं. दुरुस्तीसाठी प्रोग्रॅममध्ये एक चौकट होती, चूक दहा लाखांत किती ते लिहायला. तपासनीसांनी चूक अगदी काटेकोर काढली आणि उणेच्या जागी अधिक लिहिलं. आता चूक दुप्पट झाली. त्यांनी ती नवी चूक पुन्हा काटेकोर काढली आणि पुन्हा अधिक केली. संध्याकाळपर्यंत सासऱ्यांच्या म्हाताऱ्यांच्या जागी एक बाई कुठल्याशा भाषेत भाज्यांचे भाव सांगत होत्या.

"डबी थंड ठेवा," दंतवैद्य म्हणाले. "दाताची कळ असो की यंत्राची, बर्फ."

डबी फ्रिजमध्ये गेली. फ्रिजच्या दारातून वायरी बाहेर आल्या, दार नीट लागेना, दूध नासलं. शिवाय फ्रिज मध्येच सुरू व्हायचा, मध्येच बंद पडायचा आणि त्याच्याबरोबर स्टेशन मागेपुढे झोके घ्यायचं. तेव्हा कुठे बायकोने नासलेलं दूध ओतता ओतता विचारलं, "थंडच कशाला हवं? सारखं असलं की झालं ना? तापू दे एकदाचं आणि तसंच गरम राहू दे." आणि तिने परगावी शिकणाऱ्या मुलाच्या लहानपणीचा एक लोकरी मोजा आणून दिला. डबी मोज्यात गेली. जरा वेळाने तापली, तापून स्थिर झाली, आणि उणेच्या जागी उणे लिहिल्याबरोबर स्टेशन जागेवर येऊन बसलं ते हललं नाही.

अशा रीतीने रविवार उजाडला तेव्हा जेवणाच्या टेबलावर निळ्या मोज्यातला एक रेडिओ होता. त्याच्याकडे बघून कोणी हसू नये म्हणून तपासनीस कडक चेहऱ्याने उभे होते. दंतवैद्य खुर्ची घेऊन बसले. चेअरमन तारेची तात्पुरती परवानगी कशी वापरली जाते ते पाहायला आले. सासरे खोलीतून बाहेर आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून, हातात तासलेली पेन्सिल. जणू ड्यूटीवर निघाले होते. तपासनीसांनी खबरदारी म्हणून आवाज टिपून ठेवायचं बटणही दाबलं. पुरावा असलेला बरा.

आणि वेळेवर, अगदी स्वच्छ, डावखुरा आला. बारीक, टोकदार, झरझर. टिट्टिडिटटिडी, टिडिट्टिट, सलाईनच्या नळीतून थेंबथेंब नव्हे, नळ फुटावा तसा. दंतवैद्यांनी टाळी वाजवली. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात त्या आठवड्यात पहिल्यांदाच काही टोचलं नाही. तपासनीस सासऱ्यांकडे बघत होते.

सासऱ्यांची पेन्सिल कागदावर टेकलेली होती. ती हलली नाही. डावखुरा बडवत राहिला, बडवत राहिला, मग थांबला. कागद कोरा होता.

"तुमच्या यंत्रात काही दम नाही, जावईबापू," सासरे उठत म्हणाले. "नुसती टोचाटोची. याला काय अर्थ आहे?" आणि खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

पाहुणे जसे आले तसे गेले. जाताना चेअरमन म्हणाले, "तार." थांबले. "उद्या काढा."

तपासनीस बराच वेळ मोज्याकडे बघत बसले. त्यांना फार वाईट वाटलं. राग आला असता तर सोपं होतं, पण वाईटच वाटलं. मग स्वभाव उफाळून आला. यंत्र बरोबर होतं. ते सिद्ध करायचं तर दुसऱ्या यंत्राशी ताडून बघायला हवं. जुना सेट बंद असला तरी निदान पट्टीवरचे आकडे तरी बघू, म्हणून त्यांनी आणि बायकोने तो थोरला सेट कपाटावरून उतरवला, चादर काढली, सवयीने वायर भिंतीत खोचली.

सेटचा दिवा लागला. जरा तापला आणि गाऊ लागला. खणखणीत, ठणठणीत, कसलाही बिघाड नसलेला सेट.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "बाबा हल्ली दारावरची घंटा वाजली तरी उठत नाहीत."

"मला वाटलं, जावयाच्या घरी दार उघडायचं नाही म्हणून."

"मला वाटलं, गुडघे दुखतात म्हणून." ती खाली बसली. "मी एकेक गोष्ट दोनदोनदा सांगते त्यांना. तरी माझ्या डोक्यात आलं नाही."

तपासनीसांनी सेट बंद केला, चादर होती तशी घातली, दोघांनी तो उचलून पुन्हा कपाटावर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एक खोटी नोंद सापडली होती आणि ती कुठेही लिहावीशी वाटत नव्हती. ते परत टेबलाशी आले. काहीतरी करायचं म्हणून सकाळी टिपलेला आवाज पुन्हा लावला. लक्ष ठिकाणावर नव्हतं. प्रोग्रॅमने नेहमीप्रमाणे विचारलं, सॅम्पल रेट? सकाळी जो ठेवला होता त्याच्या बरोबर निम्मा त्यांनी चुकून दाबला.

टिपताना जेवढे नमुने सेकंदात घेतले, ते आता दोन सेकंदांत बाहेर पडू लागले. डावखुरा एकदम म्हातारा झाला. आवाज खाली खर्जात गेला, झरझर थांबली, आणि चेअरमन बोलावेत तसा तो बोलू लागला. डाऽऽ. डिट. डाऽऽ. थांबला. डिट.

चूक लक्षात येताच तपासनीसांचा हात सवयीने पुढे झाला. तेवढ्यात खोलीचं दार उघडलं.

सासरे उभे होते. चष्मा कपाळावर, पेन्सिल कानावर. "हात लावू नका," ते म्हणाले.

ते येऊन बसले. कागद ओढला. आणि पेन्सिल चालू लागली, आधी अडखळत, मग सरळ, एकेक अक्षर. त्यांचे ओठ हलत होते. मग ते मोठ्याने वाचू लागले, जहाजाच्या कप्तानाला वाचून दाखवावं तसं.

"सगळ्यांना डावखुऱ्याचा नमस्कार. स्टेशन बंद करतोय. कारण असं, की माझा कान गेला. बरेच दिवस मी नुसता पाठवतोय. तुम्ही काय उत्तर देता ते मला काही कळत नाही. कोणी शिव्या दिल्या असतील तर माफ करा, मी आभार मानले आहेत." सासरे थांबले. खांदे हलले. पुढचं वाचताना आवाजही हलला. "सेट बिघडला असं सांगणार होतो. पण ते कारण आपल्यातल्या एकाने आधीच वापरलं. तो ऐकत नसणारच. ऐकत असलास तर लेका, पत्र लिही. मोठ्या अक्षरांत."

मग सासरे हसू लागले, असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते नेमकं कशाचं ते त्यांनीही तपासलं नाही. लेकीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"बारीक सूर ऐकू येत नाही, तो खाली आणता येतो गं," ते म्हणाले. "जुन्या सेटवर मीही आणून पाहिला. पण हात कोण हळू करणार? एक अक्षर कळेपर्यंत पुढची चार निघून जातात. कोणाला सांगायचं हे?" मग त्यांनी जावयाकडे पाहिलं, खुर्च्या मोजणाऱ्या त्या नवऱ्या मुलाकडे पाहिलं होतं तसंच, नखशिखांत. "जावईबापू, हे फार चांगलं यंत्र आहे. बाकीचे अजून येतात रविवारी. तुम्ही दर आठवड्याला एवढं करून द्याल का?"

फार चांगलं. तपासनीसांनी ते दोन शब्द मनातल्या मनात पुन्हा एकदा मोजले. "देईन," ते म्हणाले, आणि त्यांचाही आवाज त्या वेळी जरा निम्म्या दरानेच निघाला.

एवढ्यात दार ढकलून दंतवैद्य आत आले. आवाज ऐकूनच आले होते. "अहो, हे काय लावलंय?" पडद्यावर वाकत ते म्हणाले. "दर चुकलाय तुमचा. बरोबर निम्मा पडलाय. सरका, मी करून देतो."

तपासनीसांनी त्यांचा हात अलगद धरला आणि माउसवरून बाजूला ठेवला.

"मी तपासलंय," ते म्हणाले. "बरोबर आहे."